आत्याच्या हातून आवाज येईना

इचोड्याला हायवेच्या कडेला उद्धवरावांचं माईकसेटचं दुकान आहे. लग्न, भागवत सप्ताह, निवडणुकीच्या सभा, सगळीकडे तीस-बत्तीस वर्षं त्यांनी कर्णे बांधले. त्यांची मुलगी रंजीता सकाळी बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि दुपारनंतर दुकानात बसते. दोन वर्षांपूर्वी दुकानातल्या एका ॲम्प्लिफायरमधून सारखी गुरगुर येत होती. ती नेमकी कुठून येते हे शोधायला तिला वेगवेगळ्या सुरांचे साधे आवाज हवे होते. ते इंटरनेटवर शोधता शोधता तिला ओसिला सापडलं.

ओसिला म्हणजे आवाज घडवायचा एक फुकट प्रोग्राम. तो कुठल्या एका कंपनीचा नाही. जगभरातले लोक मिळून तो लिहितात, आणि त्याच्या आतलं सगळं कुणालाही उघडून पाहता येतं, बदलता येतं. पडद्यावर छोट्या पेट्या मांडायच्या आणि एका पेटीतून दुसरीत बोटानं तार ओढायची. एक पेटी सूर काढते, दुसरी तो लहान-मोठा करते, तिसरी स्पीकरकडे पाठवते. रंजीताला हे बघताक्षणी आवडलं, कारण बाबांच्या दुकानात ती लहानपणापासून हेच बघत आली होती. माईकची वायर ॲम्प्लिफायरला, ॲम्प्लिफायरची कर्ण्याला.

पण आवाज काही येईना. ओसिलाचं माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, चांगलं चारशे पानांचं. त्यात लाटांचं गणित होतं, आवाज गाळायच्या रीती होत्या, आकृत्या होत्या. पेट्या बरोबर जोडल्यावरही स्पीकर मुका का राहतो, एवढं मात्र त्यात नव्हतं. नऊ दिवस ती अडून बसली. दहाव्या दिवशी चुकून तिचं बोट पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका राखाडी ठिपक्यावर पडलं, ठिपका हिरवा झाला आणि दुकानभर एक लांबलचक सूर घुमला. उद्धवराव बाहेर चहा पीत होते ते धावत आत आले. तो ठिपका म्हणजे आवाज चालू करायचं बटण होतं. पुस्तक लिहिणाऱ्यांच्या ते इतकं अंगवळणी पडलं होतं की ते सांगावंही लागतं, हेच त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

तिनं हे ओसिलाच्या चर्चेच्या पानावर लिहिलं. ब्राझीलमधल्या एका बाईनं उत्तर दिलं. ती गेली कित्येक वर्षं नवशिक्यांसाठी माहिती लिहायचं काम बघत होती. तिनं लिहिलं, 'तुला जे अडलं ते आजच लिहून ठेव. महिन्याभरात तुलाही तो ठिपका दिसेनासा होईल. आणि लिहून झालं की एखाद्या अगदी नवख्या माणसाला ते वाचायला दे. त्याच्याशेजारी हात मांडीवर ठेवून बस. एक शब्द बोलू नकोस. तो जिथे अडेल तिथे तुझं पान चुकलं असं समज.'

रंजीतानं ते लिहिलं, आणि मराठीत लिहिलं. इंग्रजीत लिहायला आधीच चारशे पानं लिहिणारे होते. पानाचं नाव ठेवलं 'पहिला आवाज'. हळूहळू चार-पाच मराठी माणसं त्या कामाला येऊन मिळाली. त्यांतला सगळ्यात कामसू होता बेल्लमपल्लीचा सुरेंद्र. तो खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होता आणि ड्यूटी सुटल्यावर क्वार्टरच्या ओट्यावर बसून भाषांतर करायचा. त्याचं शुद्धलेखन चोख होतं. त्याची-तिची भेट कधी झाली नव्हती, पण फोनवर भांडणं भरपूर झाली होती.

पहिलं मोठं भांडण एका शब्दावरून झालं. आवाज फार वाढवला की तो चरचरतो, त्याला काय म्हणायचं? सुरेंद्रनं लिहिलं 'विरूपण'. रंजीतानं बाबांना विचारलं.

"त्याले काय म्हणतात? फाटते आवाज," उद्धवराव म्हणाले. "गिऱ्हाईक येऊन हेच म्हणते ना, भाऊ, आवाज फाटून राह्यला. विरूपण म्हणत कोणी आलं तर मी त्याले पंचायत हापिसात धाडीन."

तिनं हे सुरेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "रंजीताताई, बोलाचं वेगळं, लिहाचं वेगळं. उद्या सांगलीचा माणूस वाचंल, नाशिकचा वाचंल."

"सांगलीत आवाज फाटत नाही काय, सुरेंद्रभाऊ?"

शेवटी दोन्ही शब्द राहिले, आधी 'फाटणे' आणि मग कंसात 'विरूपण'. सुरेंद्रला ते मनापासून पटलं नव्हतं.

पान चढवल्यावर लोकांचे निरोप यायला लागले. खाली एक ओळ होती, 'आवाज आला की आम्हाला कळवा.' सदतीस जणांनी कळवलं. एक जण तबला शिकवणारा होता, एक कॉलेजातली मुलगी, एक दवाखान्यातला तंत्रज्ञ. रंजीता प्रत्येक निरोप दोनदा वाचायची. पान चांगलं झालंय, अशी तिची खात्री पटत चालली होती.

जानेवारीत देवकाबाई दुकानात आल्या. देवकाबाई म्हणजे उद्धवरावांच्या थोरल्या बहीण, रंजीताच्या आत्या. तलमडुगु मंडळात, म्हणजे तालुक्यात, त्यांचं शेत आहे, कापूस आणि ज्वारी. मुलगा-सून कापसाच्या मागे होते आणि ज्वारीची राखण आत्याकडे होती. सातवीपर्यंत शिकलेल्या, वाचनाची आवड, आणि गावच्या भजनी मंडळाचे सगळे निरोप फोनवर त्याच लिहायच्या. त्यांनी पिशवीतून एक छोटा कर्णा काढला आणि काउंटरवर ठेवला. मागच्या साली इथूनच नेलेला होता. बटण दाबलं की त्यातून कुत्रं भुंकायचं आणि एक माणूस 'हो, हो' ओरडायचा.

"उद्धवा, हे वापस घे. चवथ्या दिवशी भोरड्या याच्यावरच बसून राह्यल्या."

भोरड्यांचे थवे थंडीत येतात. कणसात दूध भरलं की हजारोंनी उतरतात आणि तासाभरात एक पट्टा रिकामा करतात.

उद्धवराव हसले. "एकच आवाज फिरते बाई त्याच्यात. पाखरांले पाठ होऊन जाते."

"मंग दर येळी नवा आवाज काहाडनारं काही नाही काय तुयाकडे?"

रंजीतानं मान वर केली. "हाय, आत्या. मी करून देते."

"तू करून देशीन. अन् आठ दिवसानं पाखरं तेबी शिकले तर? मी काय दर येळी इचोड्याले येऊ?" आत्यानं खुर्ची ओढली. "मले शिकव."

रंजीताला आनंद झाला आणि खरं तर थोडी हावही सुटली. ब्राझीलच्या बाईनं सांगितलेला अगदी नवखा माणूस हाच. तिनं आत्याच्या फोनमध्ये ओसिला टाकलं, 'पहिला आवाज' हे पान छापून हातात दिलं आणि बजावलं, "आत्या, जसं लिहिलं हाय तसंच कर. आपल्या मनानं काही करू नको. पहिला आवाज आला की मले फोन कर, मंग पुढचं."

"अक्षराच्या बाहेर नाही जात," आत्या म्हणाल्या, आणि दुपारच्या बसनं गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन आला. "रंजे, आवाज नाही."

"ठिपका हिरवा हाय काय?"

"हिरवा हाय."

"तार दोन्ही पेट्यांले लागली? काळी दिसून राह्यली?"

"काळी हाय, तुया कागदावर हाय तशीच."

"फोनचा आवाज वाढवला? गाणं लावून पाहा बरं."

आत्यानं गाणं लावलं. रंजीताला ते फोनवर खणखणीत ऐकू आलं.

"सुराच्या पेटीत काय लिहिलं?"

"चारशे चाळीस."

चारशे चाळीस बरोबर होतं. सेकंदाला चारशे चाळीस वेळा थरथरणारा सूर, हातोडा लोखंडावर आपटल्यासारखा नाही, तर बासरीसारखा सरळ. रंजीतानं सगळं पुसून पुन्हा करायला सांगितलं. आत्यानं केलं. आवाज नाही. फोन बंद करून चालू केला. आवाज नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आत्या कंटाळल्या नव्हत्या, त्यांना चीड आली होती. "गाणं वाजते, घंटी वाजते, अन् तुयाच पेटीले काय धाड भरली?"

रंजीतानं सुरेंद्रला फोन केला. तो म्हणाला, "वापरणाऱ्याची चूक असंल. वय झालं म्हणजे होते असं. कुठं तरी टिंब-बिंब जास्त पडत असंल."

"मी सगळं विचारलं, भाऊ."

"विचारून काय, ताई? जे चुकते ते माणसाले दिसत नाही, म्हणूनच तर चुकते."

हे वाक्य तिच्या मनात राहिलं, पण त्यानं म्हटलं होतं त्या अर्थानं नाही. रविवारी क्लासला सुट्टी होती. तिनं सकाळची बस पकडली.

आत्याचं शेत रस्त्यापासून फार आत नव्हतं. ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. मधोमध बांबूंचा माळा बांधलेला, त्यावर आत्या, शेजारी गोफण आणि खड्यांची टोपली. रंजीता शिडीनं वर चढली. वरून कणसांचा पांढरट पट्टा पार ओढ्यापर्यंत दिसत होता आणि लांबच्या बाभळीवर भोरड्यांचा काळा ढीग बसलेला होता.

"बसल्या हाय पाहा," आत्या म्हणाल्या. "मी खाली उतराची वाट पाहून राह्यल्या."

रंजीतानं फोन मागितला नाही. ती मांडी घालून बसली आणि हात मांडीवर ठेवले. "आत्या, आता तू सुरुवातीपासून कर. मी काहीच बोलणार नाही. तू विचारलं तरी नाही."

"काऊन? मौन धरलं काय?"

रंजीता हसली, बोलली नाही.

आत्यानं चष्मा लावला, कागद गुडघ्यावर ठेवला आणि एकेका ओळीवर बोट ठेवत सुरुवात केली. ओळ मोठ्यानं वाचायची, तसं करायचं, मग पुढची ओळ. नवं पान उघडलं. पहिली पेटी मांडली. दुसरी मांडली. तार ओढली, ती चुकून सुटली, पुन्हा ओढली. ठिपका हिरवा केला. रंजीता बघत होती. एक पायरी गळली नाही, एक जास्तीची झाली नाही. कुणी इतक्या निगुतीनं आपलं लिहिलेलं वाचलेलं तिनं आजवर पाहिलं नव्हतं. "आता सुराच्या पेटीत चारशे चाळीस हा आकडा लिहा," आत्यानं वाचलं, आकडा लिहिला, आणि फोन दोघींच्या मध्ये धरला.

ज्वारीची पानं सळसळत होती, तेवढाच आवाज.

आत्यानं भुवया उंचावल्या. रंजीताला राहवलं नाही. तिनं फोन घेतला, पेटीतला आकडा पुसला आणि तोच पुन्हा लिहिला.

फोन वाजला. सरळ, लांब सूर. बाभळीवरच्या दोन-चार भोरड्या उडून पुन्हा बसल्या.

"अवं बाई!" आत्या म्हणाल्या. "आण इकडं." त्यांनी आकडा पुसला, पुन्हा लिहिला. सूर बंद झाला. फोन रंजीताकडे दिला. रंजीतानं लिहिलं, सूर आला. आत्यानं लिहिलं, गेला. पाच वेळा झालं. आत्याच्या हातून एकदाही नाही, रंजीताच्या हातून दरवेळी.

"तुया हातानं बोलते, माह्या हातानं नाही," आत्या म्हणाल्या. "मशीनबी माणूस पाहून बोलते काय आता?"

रंजीताला हसू येत होतं. तिनं आत्याच्या बोटांकडे बघितलं. बोटं कोरडी, भेगा पडलेली. पडद्याला बोट नीट लागत नसेल का? पण आकडा तर दिसत होता, चारशे चाळीसच. जोर जास्त पडतो का? वेळ जास्त लागतो का? तिनं स्वतः आत्यासारखं सावकाश लिहून पाहिलं. सूर आला. पदर बोटाला गुंडाळून लिहिलं. तरी आला. तिला काहीच सुचेना.

तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "थांब. तू मघापासून माह्याकडे पाहून राह्यली. आता तू कर, मी पायते. मीबी बोलणार नाही."

आणि त्या खरंच हात मांडीवर ठेवून बसल्या. चष्मा नाकावर पुढे ओढून त्यांनी रंजीताच्या अंगठ्यावर नजर लावली. रंजीतानं आकडा पुसला, लिहिला. सूर आला. आत्या गप्प. त्यांनी बोटानं खूण केली, पुन्हा. रंजीतानं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा आत्या बोलल्या.

"तू आकडा लिहाच्या आधी खाली कायले बोट लावतं?"

"कुठं?"

"हे. गोळ्यावर. पृथ्वीचं चित्र हाय त्याच्यावर. तीनही बार लावलं. कागदात तर ते लिहिलं नाही."

रंजीतानं खाली पाहिलं. तो कळफलक बदलायचा गोळा होता. आत्याच्या फोनवर मराठी कळफलक होता, पेटी नव्यानं उघडली की दरवेळी तोच परत यायचा, आणि आकडे लिहायच्या आधी ती सवयीनं गोळ्यावर बोट ठेवून इंग्रजी कळफलक आणत होती. वर्षानुवर्षं ती हे करत आली होती. आपण असं काही करतो, याचा तिला पत्ताच नव्हता.

आत्यानं फोन हातात घेऊन आकडा जवळून पाहिला. "अन् तुया चारही वेगळा हाय. माह्या चाराले खाली गाठ हाय. तुया चार उलट्या खुर्चीसारखा. वाचाले मातर दोन्ही चारच."

४४० आणि 440. फोनवर बोलताना दोघी चारशे चाळीसच म्हणत होत्या. ऐकायला एकच होतं.

रंजीतानं स्वतःच्या हातानं मराठी कळफलकावरून ४४० लिहिलं. सूर बंद झाला. तिच्या हातूनही आता आवाज येईना. तिला इतका आनंद झाला की माळा हलला.

"अवं, पाडशीन!"

ओसिलाला मराठी आकडे कळतच नव्हते. न कळलेल्या आकड्याला ते मुकाट्यानं शून्य धरत होतं, आणि शून्य वेळा थरथरणाऱ्या सुराला आवाज कुठला? चूक झाली असंही ते सांगत नव्हतं. ठिपका हिरवा, तार काळी, सगळं जागच्या जागी आणि सगळं गप्प.

"समजलं," रंजीता म्हणाली. "सोपं हाय. पानावर लिहून टाकते, आकडे इंग्रजीत लिहा."

आत्यानं कागद तिच्यासमोर धरला. "अन् हे काय हाय?"

छापलेल्या पानावर, आठव्या पायरीत, साफ '४४०' होतं. सुरेंद्रनं शुद्धलेखन तपासताना इंग्रजी आकडे काढून मुद्दाम सगळीकडे मराठी आकडे घातले होते, आणि तिनं ते मान्य केले होते.

"तू म्हणलं जसं हाय तसंच कर. मी तसंच केलं," आत्या म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, पण सोडतही नव्हत्या. "ज्याईनं आपल्या मनानं केलं त्याईले आवाज आला. म्या ऐकलं, मले नाही आला. मंग चूक कोनाची?"

तेवढ्यात बाभळीवरचा ढीग उठला. आत्या ताडकन उभ्या राहिल्या, गोफण फिरली, आणि थवा वळून ओढ्यापलीकडे गेला.

परतीच्या बसमध्ये रंजीता आत्याच्या शेवटच्या बोलण्याचा विचार करत होती. सदतीस जणांना आवाज आला होता. पण पान किती जणांनी उघडलं होतं? तिनं ते कधी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन पाहिलं तर शंभरावर माणसं होती. उरलेल्यांना तिनं गृहीतच धरलं नव्हतं. वाचलं असेल आणि सोडलं असेल, एवढंच.

तिनं सुरेंद्रला फोन करून सगळं सांगितलं, गोळ्यापासून खुर्चीपर्यंत.

तो म्हणाला, "आमच्या इथं चंदाबाई म्हणून हाय. शिलाईचं काम करतात. मुलांच्या शाळेसाठी घंटीसारखे आवाज करायचे होते त्यांले. म्या पान दिलं. आठ दिवसानं आल्या, म्हणल्या, आवाज येत नाही. म्या म्हणलो, फोन खराब असंल तुमचा. मंग त्या काही आल्याच नाही."

"त्याईचा फोन मराठीत हाय?"

"पाहिला नाही म्या," सुरेंद्र म्हणाला. "फोन हातात घेऊन पाहिलाच नाही."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर तो सरळ चंदाबाईंच्या घरी गेला. निरोप संध्याकाळीच आला. त्यानं लिहिलं होतं, 'मराठी आकडेच होते. आवाज आला. चंदाबाई म्हणाल्या, मला वाटलं माझ्याच डोक्यात शिरत नाही, म्हणून लाजेनं विचारलं नाही.' आणि खाली एक ओळ, त्याच्या नेहमीच्या शुद्धलेखनाशिवाय, 'मले लय वाईट वाटून राह्यलं ताई.'

त्या आठवड्यात दोघांनी मिळून, ज्यांचे पत्ते मिळाले त्या सगळ्यांना विचारलं. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. नऊ जणांनी दिलं, आणि त्यांतल्या सहा जणांचा फोन मराठीत होता. सहाही जणांना वाटलं होतं की चूक आपलीच आहे.

रंजीतानं ओसिला लिहिणाऱ्यांना कळवलं. माळ्यावर काय घडलं ते तिनं क्रमानं लिहिलं, दोन्ही आकड्यांची चित्रं जोडली. तिला भीती होती की लोक म्हणतील, मग इंग्रजी आकडे लिहा ना. एक जण म्हणालाही. पण बांगलादेशातल्या एका मुलीनं लिहिलं की त्यांच्याकडेही हेच होतं, आणि ते सगळे त्याला 'ओसिलाचं मौन' म्हणतात. कैरोहून एकानं लिहिलं, अरबी आकड्यांचंही तसंच. प्रत्येकानं आपापल्या गावात एक छोटी पळवाट काढून ठेवली होती, पण मूळ जागी कुणी सांगितलंच नव्हतं. तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. आता ४४० लिहिलं की सूर येतो. न कळणारं काही लिहिलं तर पेटी लाल होते. बदलांच्या यादीत शोधणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे. रंजीतानं स्वतःचं नाव दिलं नाही. यादीत आहे, 'देवकाबाई, तलमडुगु'.

आत्याला ते दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आडनाव काऊन नाही लिहिलं? गावात चार देवका हाय." मग ते दुरुस्त करावं लागलं.

नवी आवृत्ती येईपर्यंत आत्या थांबल्या नव्हत्या. गोळा कळल्यावर त्यांनी आपलं काम पुढे नेलं होतं. ओसिलात एक पेटी आहे, तिच्यातून दरवेळी वेगळा आकडा निघतो, कुठला ते आधी सांगता येत नाही. सुरेंद्रनं तिला नाव दिलं होतं 'यादृच्छिक'. आत्यानं तो शब्द दोनदा वाचला आणि रंजीताला विचारलं, "हे काय देवाचं नाव हाय?" पेटी काय करते ते कळल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मनमर्जी." मनमर्जीची पेटी त्यांनी सुराच्या पेटीला जोडली, दुसरी एक मनमर्जी थांबण्याच्या पेटीला जोडली, म्हणजे आवाज कधी येईल तेही पाखरांना कळू नये. कर्ण्याची वायर उद्धवरावांनी बसवून दिली. कधी किंचाळी, कधी खरखर, कधी बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम ठो.

भोरड्या सहा दिवस आल्या नाहीत. सातव्या दिवशी आल्या, पण बिचकत, कडेकडेनं. आत्यानं मग कर्ण्याची जागा रोज बदलायला सुरुवात केली आणि आवाजाबरोबर अधूनमधून गोफणही चालवली. ओढ्याकडचा पट्टा गेला तो गेलाच. बाकीची ज्वारी घरी आली. शेजारच्या शेतवाल्यांनी विचारलं, "कुठून आणलं?" तर त्या म्हणायच्या, "आणलं नाही, लिहिलं."

आणि विचारणारे फार झाले तेव्हा त्यांनी स्वतःच पान लिहिलं. वहीत, शाईच्या पेनानं, 'पाखरं हाकलाचा आवाज'. रंजीतानं ते जसंच्या तसं टाइप केलं आणि तपासायला सुरेंद्रकडे पाठवलं. तिला वाटलं होतं, आता लाल खुणांनी पान भरून येईल. पण सुरेंद्रचा फोन आला. "ताई, मी येतो. शेतावर. वाचून तपासाचं नाही हे, करून तपासाचं."

बेल्लमपल्लीहून दोन बस बदलून तो आला. उंच, अबोल, हातात डब्याची पिशवी. आत्यानं त्याला माळ्यावर चढवलं, छापलेलं पान आणि कोरा फोन दिला आणि आपण समोर बसल्या, तोंडावर पदर धरून, बोलायचं नाही म्हणून. सुरेंद्र तीन ठिकाणी अडला. पहिल्यांदा अडला तेव्हा त्यानं सवयीनं खिशातून पेन काढलं, 'हाकलाचा'चं 'हाकलण्याचा' करायला. मग थांबला, आणि जिथे अडला होता त्या ओळीखाली रेघ मारली. आत्यानं तिथेच माळ्यावर बसून त्या तीन ओळी पुन्हा लिहिल्या. 'मनमर्जी' आधी राहिली आणि कंसात 'यादृच्छिक'. या वेळी कंस सुरेंद्रनं स्वतः घातला.

पान चढून पंधरा दिवस झाले असतील. एका दुपारी रंजीता दुकानात होती, आत्या बाजार करून बसची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा एक निरोप आला. कुठल्याशा डोंगराकडच्या एका भुईमूगवाल्याचा. 'आवाज आला. पण माझ्याकडे भोरड्या नाहीत, मोर आहेत. मोरांना आवाजाची भीती वाटत नाही, उलट तेच ओरडून उत्तर देतात. काय करू?'

रंजीतानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आत्यानं पिशवी खाली ठेवली.

"उत्तर देते?" त्यांनी विचारलं. "सगळ्याच आवाजाले, का एखाद्याच? इचार बरं त्याले."